खुसपटाचे मोल

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून नांदेडला घरी आला होता. संगणकासाठी इतरांनी लिहिलेल्या प्रणाली तो तपासतो. त्यांतली चूक लोकांच्या हाती जाण्याआधी हुडकणे, हीच त्याची नोकरी. फराळाला बसलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, खुसपटं काढायला पगार देतात म्हणे याला!" पोरगा कसनुसा हसला. मला राहवेना. तांबड्या शाईने वह्या तपासण्यात माझीही वीस वर्षे गेलेली!

मी म्हणालो, "अहो, खुसपटालाही इतिहास आहे, आणि त्यातला थोडा आपल्याच मुलखातला आहे."

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' हे गणकयंत्र अडले. शोधता शोधता आत दिव्यावर येतो तसला एक पतंग सापडला. तपासणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला 'किडा' म्हणण्याची तिकडे जुनीच रीत. त्या दिवशी खराच किडा निघाला!

त्याच वर्षी २२ जुलैला घटना समितीने तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला होता. पण नांदेड, लातूर, उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे तो फडकवणाऱ्याला तुरुंग ठरलेला. स्वामी रामानंद तीर्थांसह कित्येकांनी त्या लढ्यात तो भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती रात्र सरली.

पुढे १९५१ मध्ये भारतीय मानक संस्थेने पहिल्या क्रमांकाचे मानक काढले, ते या ध्वजाचेच. खादीच्या धाग्यांची संख्या, रंगांच्या छटा, लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण, फार काय, दोरीदेखील कशी असावी ते ठरले. कालांतराने उदगीरला विणलेल्या खादीचे ध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत शिवले जाऊ लागले. तिथेही प्रत्येक गोष्ट कसोटीला लावायची.

चक्राच्या २४ आऱ्यांतला एक कमी पडला, तर उंच काठीवर तो कोणाला दिसणार? पण ज्या ध्वजापायी माणसे तुरुंगात गेली, त्याच्या बाबतीत 'चालायचेच' म्हणणार कोण? तपासणारा विणकराचा वैरी नसतो. चारचौघांत त्याची लाज राखणारा सोबती असतो.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग चकलीचे ताट मुलाकडे सरकवून म्हणाले, "काय रे, आजवर सगळ्यांत मोठी चूक कोणती धरलीस तू?"

पोरगा मांडी ठोकून बसला आणि सांगू लागला.