चेहरा पाहिला, शब्द ऐकलेच नाहीत : स्वमग्न वक्ते आणि शंभर वर्षांचा गैरसमज

१/१२
२३ सप्टेंबर २०१९. न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत स्वीडनची १६ वर्षांची ग्रेटा थनबर्ग बोलली. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप, भुवया आक्रसलेल्या. भाषण काही मिनिटांचेच. पण त्यावर उठलेल्या वादळाची मुळे शंभर वर्षे मागे जातात.

२/१२
भाषणाचा कणा आकडेवारीचा होता. तापमानवाढ १.५ अंशांच्या आत राखण्याची ६७ टक्के शक्यता हवी असेल, तर २०१८ च्या आरंभी जगाला ४२० गिगाटन कार्बन डायऑक्साइड सोडण्याचीच मुभा उरली होती. भाषणाच्या दिवशी ती ३५० गिगाटनांच्याही खाली आली होती.

३/१२
या आकड्यांवर वाद झाला असता, तर तो रास्त ठरला असता. चर्चा झाली ती तिच्या चेहऱ्याची. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ती फार आनंदी मुलगी दिसते, असा उपरोध केला. तेथील एका वाहिनीवर एका पाहुण्याने तिला मनोरुग्ण ठरवले. वाहिनीला क्षमा मागावी लागली.

४/१२
वास्तविक ग्रेटाने आपली कहाणी नोव्हेंबर २०१८ मध्येच स्टॉकहोमच्या एका व्याख्यानात सांगितली होती. आठव्या वर्षी हवामानबदलाविषयी ऐकले. अकराव्या वर्षी बोलणे आणि खाणे थांबले. दोन महिन्यांत वजन १० किलोंनी घटले. पुढे ॲस्पर्गर आणि निवडक मूकता यांची निदाने झाली. म्हणूनच आपण आवश्यक तेव्हाच बोलतो, असे तिने सांगितले.

५/१२
म्हणजे लोकांना जो थयथयाट किंवा पढवलेला अभिनय वाटला, त्यामागे एकाच विषयाचा अनेक वर्षांचा ध्यास होता. असा ध्यास ओळखण्यात जग इतके का चुकते? याचे पहिले उत्तर शब्दातच दडले आहे.

६/१२
स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ ही संज्ञा रूढ केली, तीही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्दही तोच अर्थ वाहतो : स्वतःत बुडालेला. जो जगासाठी व्याकूळ होऊन बोलतो, त्यालाही हेच नाव!

७/१२
१९२५ मध्ये मॉस्कोच्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा सहा मुलांची बारकाईने वर्णने प्रसिद्ध केली. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी चार मुलांवर लिहिले. कीर्ती मात्र या दोघांच्याच वाट्याला आली. सुखारेवा दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्या.

८/१२
आवडत्या विषयावर प्रौढ भाषेत अखंड बोलणाऱ्या मुलांचे वर्णन ॲस्पर्गर यांनी ‘छोटे प्राध्यापक’ या अर्थाने केले. शब्दांत कौतुक होते. पण त्याच काळात व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंट’ या संस्थेत सुमारे ८०० मुले मृत्युमुखी पडली. ॲस्पर्गर यांनीही काही मुलांना तेथे पाठवल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. कोणते मूल ‘उपयोगी’, हे दुसराच कोणी ठरवत होता.

९/१२
या साऱ्या काळात स्वमग्न व्यक्तींविषयी इतरच बोलत राहिले. १९९३ मध्ये टोरंटोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने थेट पालकांनाच उद्देशून मांडणी केली : आमच्यासाठी शोक करू नका, जे मूल तुमच्या कल्पनेत होते त्याचे दुःख बाजूला ठेवा आणि समोर आहे त्याला समजून घ्या.

१०/१२
२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ मांडला. गैरसमज एकतर्फी नसतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे अवघड जाते, तसेच इतरांनाही तिचे मन वाचता येत नाही. दोष मात्र आजवर एकाच्याच पदरी पडला.

११/१२
२०१७ च्या एका अमेरिकी प्रयोगाने याला पुरावा दिला. स्वमग्न आणि अन्य प्रौढांची छोटी भाषणे अनोळखी लोकांपुढे ठेवली. चित्रफीत पाहून किंवा आवाज ऐकून लोकांनी स्वमग्न वक्त्यांना कमी पसंती दिली. पण तीच भाषणे केवळ लिखित स्वरूपात वाचायला देताच हा भेद नाहीसा झाला! म्हणजे नापसंती विचारांना नव्हतीच. ती होती स्वराला, नजरेला, हातवाऱ्यांना.

१२/१२
इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट मोलाची आहे. जुन्या काळातील बहुतेक भाषणे त्याच्यापर्यंत कागदावरच येतात. वक्त्याचा चेहरा कसा होता, हे कळते ते समकालीनांच्या शेऱ्यांतून. ‘विक्षिप्त’, ‘तुसडा’, ‘भावनाशून्य’ असा शेरा दिसला, तर तो मजकुराविषयी आहे की मुद्रेविषयी, हे आधी तपासावे. मगच भाषणाचे मोल ठरवावे.