पेरूचा क्रंबल
फळांच्या फोडींवर पीठ, लोणी आणि साखर यांचा भुसभुशीत थर पसरून भाजलेला, मूळचा ब्रिटिश गोड पदार्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी मोजून मिळत असताना पायपेक्षा काटकसरीचा म्हणून तो घरोघरी रुळला, असे मानले जाते. शिर्डीशी त्याचे पारंपरिक नाते नाही. नैसर्गिक घटकांचा क्रंबल म्हटले की ओट, बदामाचे पीठ, मेपल सिरप अशी महागडी यादी पुढे येते. शिर्डीत मात्र तिची गरजच नाही. शिर्डी ज्या राहाता तालुक्यात आहे, तो पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. मृग बहराची फळे हिवाळ्यात येतात. ज्वारी, गूळ आणि तूप तर घरातलेच.

ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरी थापताना ही उणीव जाणवते, म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात; क्रंबलमध्ये मात्र तोच गुण ठरतो. गव्हाचे पीठ ओलाव्यात जास्त हाताळले की ग्लुटेनची जाळी धरते आणि थर चिवट होतो, ज्वारीत ती भीती नाही. कच्चट चव राहते, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी पीठ आधी मंद आचेवर खमंग भाजावे. मग थंड पिठात किसलेला गूळ मिसळून शंकरपाळ्यांना मोहन चोळतात तसे थिजलेले तूप चोळायचे. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने दाबताच फुटली पाहिजे. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसते, त्यामुळे थर अधिक खुसखुशीत होतो.

पेरूच्या बिया भाजूनही मऊ होत नाहीत. मधला बियांचा गर वेगळा शिजवून चाळणीतून गाळावा आणि लिंबाच्या रसासह फोडींत घालावा. त्यातल्या पेक्टिनने रस दाटतो, कॉर्नफ्लॉवर लागत नाही. ताज्या पेरूच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. उष्णतेने त्याचा काही भाग नष्ट होतो, म्हणून ताज्या पेरूची जागा क्रंबल घेऊ शकत नाही. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दावर मधुमेहींनी विसंबू नये. तंतुमय धान्य आणि जवळचे ताजे फळ, एवढाच या क्रंबलचा रास्त दावा. ओव्हन असल्यास 180 अंश सेल्सिअसवर अर्धा तास पुरतो. नसल्यास जाड कढईत मिठाच्या थरावर स्टँड ठेवून, वर झाकण घालून, नानकटाईसारखे भाजता येते. मात्र त्यात वेळ अधिक लागतो आणि वरचा रंग फिका राहतो.