गोधडीतली उल्कावर्षावाची रात्र

१/ १३ नोव्हेंबर १८३३. शरदातल्या त्या पहाटे अमेरिकेच्या आकाशातून उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. जगाचा अंत आला, असे समजून लोक भयभीत झाले.

२/ हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी, जॉर्जियात, गुलामगिरीत झाला. गुलामांना लिहावाचायला शिकवणे तेथे कायद्याने गुन्हा होता. आठवणी तोंडोतोंडी टिकल्या.

३/ १८९०च्या दशकात पॉवर्स यांनी ती न पाहिलेली रात्र गोधडीच्या एका चौकटीत शिवली. कापडातून माणसे, प्राणी, तारे कापून ते वेगळ्या रंगाच्या कापडावर टाचले. अशा १५ चौकटी. बायबलमधील कथांच्या पंक्तीला ऐकीव इतिहास.

४/ त्यांची आधीची गोधडी १८८६ मध्ये अथेन्सच्या कापूस-मेळ्यात मांडली गेली. चित्रकला-शिक्षिका जेनी स्मिथ यांनी ती मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. १८९१ मध्ये ओढगस्तीमुळे ती अवघ्या ५ डॉलरांना द्यावी लागली. स्मिथ यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ पॉवर्स यांच्याकडून लिहून घेतला. पुढे पॉवर्स आपली गोधडी पाहायला पुनःपुन्हा जात.

५/ आज ती गोधडी स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तर ताऱ्यांची बॉस्टनच्या कलासंग्रहालयात. जिथे लेखणी नाकारली गेली, तिथे सुईने बखर लिहिली.