चिठ्ठीसकट नाणं

रौप्यमहोत्सव म्हटला की चांदी आलीच. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा मला आमच्या घरातला पत्र्याचा डबा आठवला. त्यात आजोबांची सात जुनी चांदीची नाणी आहेत. पण हा लेख त्या नाण्यांचा कमी आणि त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांचा जास्त आहे. त्या चिठ्ठ्या मीच टाकून दिल्या, म्हणून.

झालं असं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीची साफसफाई चालली होती. नाणी कागदाच्या पुड्यांत बांधलेली होती आणि प्रत्येक पुडीवर मोडीत काही लिहिलेलं. मला मोडी येत नव्हती. पुड्या कचऱ्यात गेल्या, नाणी चिंचेच्या कोळाने घासून चकचकीत केली. सगळे म्हणाले, छान दिसतात! डब्याच्या तळाला चिकटून एकच चिठ्ठी राहिली. पुढे मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ती वाचून दिली : "हाली २, वणी बाजार, सन १३४१ फसली."

आता या एवढ्याशा ओळीत काय काय आहे पाहा. आपल्या सोसायटीत कोळसा खाणीमुळे, सिमेंट कारखान्यामुळे, शाळा-कचेऱ्यांमुळे बाहेरून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत, म्हणून थोडं मागचं सांगतो. आपलं राजुरा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये ते नांदेड जिल्ह्यात गेलं आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आलं. नदीच्या पलीकडे इंग्रजांचा अंमल, तिथे कलदार रुपया. अलीकडे निजामाचा हाली सिक्का. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. निजामाच्या राजवटीत कागदोपत्री फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे १३४१ फसली हे १९३१ च्या सुमाराचं. वणी तर पलीकडची, वऱ्हाडातली. तेव्हा निजामाचे दोन रुपये नदीपलीकडच्या बाजारात आजोबांच्या हाती लागले आणि त्यांनी ते जपून ठेवले.

जपून का ठेवले? कारण ते तेव्हाच जुने झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या टांकसाळीतून चारमिनारचं चित्र असलेले यंत्राचे रुपये निघू लागले. त्याआधीचे हाली हातोड्याने ठोकलेले. चांदीचा गोळा वजन करून चपटा करायचा, खाली एक ठसा, वर दुसरा ठसा, आणि वरून घण. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे अख्खा मजकूर नाण्यावर कधीच मावत नसे. कुठे टांकसाळीचं नाव कापलेलं, कुठे सन अर्धवट.

ही झाली ठोकणीच्या नाण्यांची अडचण, पण त्यातच त्यांची ओळखही आहे. यंत्राचे दोन रुपये सारखे दिसतात. ठोकणीचे दोन रुपये कधीच सारखे नसतात. एकाची कड फाटलेली, एकाचा ठसा डावीकडे सरकलेला, एकावर सराफाने खरं-खोटं पाहताना मारलेली खूण. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच म्हणा ना. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या सूचीत किंवा लिलावाच्या पुस्तकात नाण्याचा फोटो छापलेला असेल, तर आज हातात असलेलं नाणं तेच की दुसरं, हे खात्रीने सांगता येतं.

आणि हा माग काढायचा तर पहिला धागा म्हणजे चिठ्ठी. जुने संग्राहक लाकडी खणात नाण्याखाली जाड कागदाचा लहानसा तुकडा ठेवत. त्यावर राजाचं नाव, धातू, वजन, कुठे सापडलं, कुणाकडून घेतलं, कधी आणि केवढ्याला. नाणं विकलं की चिठ्ठीही सोबत जाई. पुढचा मालक आपली चिठ्ठी त्यात घाली. अशा तीन-चार चिठ्ठ्या असल्या की नाण्याचा प्रवास उलगडतो. जाणकार अक्षरावरून, शाईवरून, कागदाच्या कापावरूनही संग्राहक ओळखतात. अर्थात चिठ्ठ्यांची अदलाबदलही होते. म्हणून चिठ्ठीवरचं वजन आणि हातातल्या नाण्याचं वजन जुळतं का, हे आधी पाहायचं.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदा जिल्ह्यात सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला. ही चांदीची नव्हेत, पोटीन नावाच्या मिश्रधातूची हलकी नाणी. डॉ. हर्नले यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९०८ मध्ये रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमची मोठी सूची केली, त्यात चांदा जिल्ह्याच्या नाण्यांचा गट वेगळा ठेवला. त्याच सूचीत पंडित भगवानलाल इंद्रजींचंही नाव पुन्हा पुन्हा येतं. मुंबईचे हे विद्वान १८८८ मध्ये वारले आणि त्यांची नाणी ब्रिटिश म्युझियमला गेली. नाणी लंडनला गेली, पण कुठली आणि कुणाची ही नोंद सोबत गेली.

तिचा उपयोग काय झाला? चांद्याच्या काही नाण्यांवरचा राजा रॅप्सन यांनी 'कृष्ण' असा धरला होता. १९३९ मध्ये अकोला जिल्ह्यात (आता वाशीम), मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा इथे सुमारे १६०० सातवाहन नाण्यांचा साठा सापडला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासला. त्यात कुंभ, कर्ण, शक अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं निघाली. मग चांद्याचा तो 'कृष्ण'ही खरा 'कर्ण' आहे, हे त्यांनी दाखवलं. चांद्याची नाणी बिननोंदीची, कुठल्या तरी पिशवीतली असती, तर विदर्भातल्या या दोन साठ्यांचा मेळ बसवणं किती अवघड झालं असतं!

दुसरं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी तपासली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला! हरलेल्या राजाचा चेहरा, त्यावर जिंकणाऱ्याची खूण. एकेक सुटं नाणं पाहून हे प्रमाण कळलं नसतं. साठा एकत्र असताना कुणीतरी मोजून लिहून ठेवलं म्हणून कळलं.

इंग्रजीत गंमत अशी की, नाणी जमवणाराही कलेक्टर आणि जिल्ह्याचा साहेबही कलेक्टर. दोघांचाही इथे संबंध येतो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. ज्यांची शेती आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. नांगराला मडकं लागलं तर नाणी वाटून घेऊ नका, सराफाकडे वितळवायला तर मुळीच देऊ नका. आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू ठरतात, ती परदेशी पाठवता येत नाहीत.

घरातल्या नाण्यांसाठी मात्र कायदा नको, पेन पुरे. नाणी घासू नका. काळपटपणा राहू द्या. प्रत्येक नाणं वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा : कुणाचं, कुठून आलं, कुणी सांगितलं, आजची तारीख. लक्ष्मीपूजनाचं नाणं असेल तर तेही लिहा. दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा. आणि हे आजी-आजोबा समोर बसलेले असताना करा, नंतर नव्हे.

आमच्या डब्यात सात नाणी आहेत. त्यातली हाली पाच. चिठ्ठी म्हणते दोन. वणीच्या बाजारातून आलेले ते दोन रुपये कोणते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी पाचही एकत्र ठेवले आहेत आणि सोबत ती एक चिठ्ठी, आणि दुसरी माझ्या हातची. तिच्यावर मी जे घडलं ते सगळं लिहिलं आहे, पुड्या फेकल्याचंसुद्धा.