न मिळालेली भाकर

दुःख मनुष्याला मृदु करतें, असें पुष्कळदां म्हटलें जातें. इतिहासाची साक्ष मात्र नेहमींच तशी नाहीं. कित्येकदां दुःखानें मन कठोर होतें, आणि जें स्वतःला लाभलें नाहीं तें दुसऱ्यालाहि लाभूं नये अशी कटु भावना तेथें घर करते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत अशा कटुतेला कारणें भरपूर होतीं. म्हणूनच ती कशी ओलांडली गेली, हें पाहणें उद्बोधक आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्यासंगी पंडित होते. पत्नीला संस्कृत शिकविण्याच्या निश्चयापायीं त्यांनीं लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढें सारें कुटुंब पुराणें सांगत तीर्थयात्रा करूं लागलें. दक्षिणेंत दुष्काळाचे दिवस आले तेव्हां जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत संपून गेलें होतें. मजुरीची संवय नव्हती, आणि भीक मागण्यास जीभ रेटत नव्हती. शेवटीं पाण्यावर व रानांतील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि त्याच विपत्तींत थोरली बहीणहि गेली. आईच्या अंत्ययात्रेस पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हां भावाबरोबर रमाबाईंनाहि तो भार उचलावा लागला. उंची कमी असल्यामुळें त्यांनीं तो डोक्यावर घेतला.

पुढें बहीणभावांनीं हजारों मैलांची पायपीट केली. १८७८ सालीं कलकत्त्यास रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला. पण १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ सालीं पतीहि पटकीनें गेले. पदरीं लहानगी मनोरमा तेवढी उरली. रमाबाईंचें वय त्या वेळीं अवघें तेवीस वर्षांचें होतें.

कटुतेच्या मुळाशीं बहुधा एक हिशेब असतो: इतकीं व्रतें केलीं, इतकें दान दिलें, आणि फळ मिळालें तें हें! रमाबाईंचा हा हिशेब कधींच जुळण्यासारखा नव्हता. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमांत गेल्या. त्याच भगिनी लंडनच्या फुलहॅम भागांत पतित स्त्रियांची ममतेनें सेवा करीत. रमाबाईंनीं त्याचें कारण विचारलें, तेव्हां त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यांत आली. पात्र-अपात्र न पाहणारी दया त्यांना येथें भेटली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

परंतु बाप्तिस्म्यानें सारें एका दिवसांत निवळलें, असें नाहीं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळावयास आणखी आठ वर्षें लागलीं, असें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. त्यानंतरहि परीक्षा चुकली नाहीं. १८८९ सालीं मुंबईस स्थापन झालेलें शारदासदन पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेवरून तेथें मोठें वादळ उठलें. हितचिंतक दूर झाले. पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या.

खरी कसोटी १८९६-९७ सालीं लागली. मध्यप्रांतांत भीषण दुष्काळ पडला. ज्या संकटांत आपल्या माणसांकडे कोणी फिरकलें नाहीं, तेंच संकट आतां परक्यांवर आलें होतें. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपासमारीनें सांपळे झालेल्या, रोगानें व दुराचारी लोकांच्या तावडींत सांपडून गांजलेल्या मुली त्यांनीं गोळा करून आणल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून केडगांवच्या माळावर त्यांची सोय करण्यांत आली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग चालत. कारण नुसती भाकर पुरत नाहीं, ती मिळविण्याचें सामर्थ्यहि हवें, हें उपासमारींतून गेलेल्या रमाबाईंइतकें कोणाला ठाऊक असणार?

शेवटचा आघात १९२१ सालीं झाला. संस्थेची धुरा जिच्यावर सोंपवावयाची, ती मनोरमा आईच्या आधीं गेली. रमाबाईंनीं हातीं घेतलेलें बायबलाचें मराठी भाषांतर मात्र सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांचें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

गेलेलें माणूस श्रद्धेनें परत येत नाहीं, आणि रमाबाईंनींहि तसें कधीं म्हटलें नाहीं. श्रद्धेनें एवढेंच केलें कीं, जगाकडून येणें किती राहिलें याची वही त्यांनीं मिटली. जी भाकर स्वतःला मिळाली नव्हती, ती त्यांनीं हजारों अनोळखी मुलींच्या पानांत वाढली.