क्वीनीच्या घरची आया

बोईसरला पाळी सुटल्यावरची गर्दी तुम्हाला चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये लोटून देते. तारापूरच्या कारखान्यांचा वास कपड्यांत घेऊन तुम्ही दारात उभे आहात. पालघर जातं, सफाळे जातं. वैतरणेच्या पुलावरून गाडी बाहेर पडते तेव्हा पुढं वाफेचं इंजिन धडधडतंय. साल 1911, गाडी बी.बी.सी.आय. रेल्वे कंपनीची. गार्डसाहेब ना गोरे, ना काळे. रुळांवर घाम गाळणाऱ्या गँगमनला ते ‘ए’ म्हणून हाक मारतात, आणि गोऱ्यांच्या क्लबात त्यांना स्वतःला दाराबाहेरच राहावं लागतं. यंदाच्या खानेसुमारीत या मंडळींना ‘अँग्लो-इंडियन’ असं सरकारी नाव मिळतंय.

मुंबईत उतरा. फेब्रुवारी महिना. बारा-चौदा वर्षांच्या कॉन्स्टन्सला मुलगी झालीय. बाप म्हणून नाव घेतलं जातं आर्थर थॉम्पसनचं. हा रेल्वेतला ब्रिटिश इंजिनिअर, आणि कॉन्स्टन्सची आई शार्लट हिचा सोबती. यावर कुणी बोलत नाही. सिलोनशी रक्ताचं नातं असलेली शार्लट नातीला लेक म्हणून वाढवायला घेते. लेकीचं पोर आजीच्या पदरात घालून तोंड मिटून घेणं आपल्याकडच्या वाड्यांनाही नवं नाही. पोरीला क्वीनी म्हणतात. सरकारी नोंदीत आई मात्र कॉन्स्टन्सच. तो कागद मुंबईत राहतो.

आता 1935 सालच्या लंडनात या. क्वीनीची सिनेनटी मर्ल ओबेरॉन झालीय. दोन वर्षांपूर्वी दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये तिला अ‍ॅन बोलिन केलं. तिचा जन्म म्हणे टास्मानियाचा, आणि जन्माची कागदपत्रं आगीत जळाली. तुम्ही तिच्याकडे चहाला गेलात की सावळी, वयस्क बाई समोर येते. बशी तुमच्यापुढं ठेवते, खाली बघत मागं सरते. तुम्ही तिला आया समजता, कारण तशीच ओळख करून दिलेली असते. ती शार्लट. लेक म्हणून वाढवलेल्या नातीच्या घरात ती नोकराणी होऊन राहते. याच वर्षीच्या ‘द डार्क एंजल’साठी मर्लला ऑस्करचं नामांकन मिळतं. 1937 मध्ये शार्लट जाते. पुढं 1949 मध्ये मर्ल तिचं चित्र काढवून घेते, त्यात कातडी उजळ. मला या सगळ्यात तेच सर्वांत क्रूर वाटतं. भिंतीवर टांगायला आई हवी होती, पण तिचा रंग नको होता.

1939 मध्ये पडद्यावर ‘वदरिंग हाइट्स’ लागलाय. मूळ कादंबरीत हीथक्लिफ सावळा आणि ठावठिकाणा नसलेला, तर कॅथी गोरी. सिनेमात हीथक्लिफ झालाय गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि कॅथी झालीय मुंबईची क्वीनी. थिएटरात हसू आलं तर दाबा. तुमच्याखेरीज हे कुणाला ठाऊक नाही.

मुंबईतला कागद पुढं कॉन्स्टन्सच्याच एका मुलाच्या हाती लागला. तोवर तो स्वतःला मर्लचा भाचा समजत होता, निघाला भाऊ. तो लॉस एंजेलिसला गेला, पण तिनं भेटायला नकार दिला.

आता त्याच 1939 मध्ये परतीची गाडी धरा आणि पालघरला उतरा. अजून हा ठाणे जिल्हा. पूर्वेच्या जंगलपट्टीत लग्नगडी भेटतात. लग्नासाठी सावकाराचं थोडं कर्ज काढलेले, ते फिटेना म्हणून बायकोसकट जमीनदाराच्या दारी राबणारे वारली. सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल याच वर्षीचा. कुळांच्या बायका जमीनदाराच्या वासनेला बळी पडतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कुठलाही कागद जळाला नाही. आगीची बतावणी करायची गरजच काय? ज्याला वरच्या घरात शिरायचंय त्याला रक्त लपवावं लागतं. इथल्या वारल्याला त्या घरात फक्त अंगण झाडायला घेत, आणि जमीनदाराला जाब विचारणारं कुणी नव्हतं. वारलिणींच्या पोटी जी अशी पोरं जन्मली असतील, त्यांच्यासाठी टास्मानिया शोधत बसायला कुणी कोर्डा आला नाही.

घाई नसेल तर सहा वर्षं थांबा. मे 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला वारली जमतील, वेठ करणार नाही म्हणतील. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर तिथं असतील. जमीनदार त्याच आठवड्यात पोलिसांकडे धाव घेतील की चार दिवस थांबतील, ते तुम्ही स्वतः पाहा.