निळ्या औषधाची कुळकथा

छाटणी आटोपलेल्या द्राक्षबागेत पाऊल टाकले की खोडांवर आणि ओलांड्यांवर फिकट निळी छटा दिसते. मोरचूद आणि कळीचा चुना यांपासून केलेले हे बोर्डो मिश्रण. २०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या आपल्या जिल्ह्यात नाशिक-सांगलीच्या मानाने द्राक्षबागा थोड्या. परंतु राहाता, संगमनेर, श्रीगोंदा या भागांतील बागाईतदारांपुढील संकटे तीच आहेत, आणि त्या संकटांचा इतिहास थेट युरोपात जाऊन पोहोचतो.

१८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्यास वेलीवर पांढरी पूड आढळली. हीच आपली भुरी. थोड्याच वर्षांत तिने फ्रान्सचे मळे उजाड केले. अखेर गंधकाने ती आटोक्यात आली. पुढे अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर मुळे कुरतडणारी फायलोक्झेरा ही सूक्ष्म कीड आली. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंटांवर कलमे बांधावीत, तोवर १८७८ साली त्याच देशातून केवडा रोग येऊन ठेपला! एका दुखण्याच्या पाठुंगळी बसून दुसरे यावे, असाच हा प्रकार.

बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींवर चोरांनी हात टाकू नये म्हणून मोरचूद व चुना शिंपडीत. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिले की, आतल्या वेलींची पाने केवड्याने गळाली आहेत, रस्त्याकडेच्या मात्र हिरव्यागार आहेत. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी हे औषध जगापुढे मांडले.

आपल्याकडे मात्र लढाई अधिक बिकट आहे. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून विसावते. आपली वेल विसावतच नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी गोडी छाटणी. ही दुसरी छाटणी होऊन कोवळी फूट आणि घड बाहेर पडतात ते नेमके परतीच्या पावसाच्या तोंडावर. पानावर पाणी साचले की केवड्याचे बीजाणू आत शिरतात. पानावर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, आणि लागलीच घड जळू लागतात. छाटणी लांबवावी, तर थंडीत मण्यांची वाढ खुंटते. छाटणीची तारीख आठवडाभर मागेपुढे झाली तरी सोसायटीचे कर्ज फिटणार की वाढणार हे ठरते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या सुमारास पडलेल्या पावसाने राज्यातील अनेक बागाईतदारांचे घड असेच हातचे गेले.

नवी आंतरप्रवाही औषधे आली तेव्हा आता केवडा संपला असे अनेकांस वाटले. पण मेटालॅक्झिल वापरात आल्यावर काही वर्षांतच, १९८१ मध्ये, फ्रान्समध्ये त्यास न जुमानणारी बुरशी आढळली. तेच औषध वारंवार मारण्याचा मोह आमच्या मते रोगाइतकाच घातक आहे. जाणता बागाईतदार औषधे आलटूनपालटून वापरतो. शिवाय २००६ पासून ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या द्राक्षांतील औषधांचे अंश तपासले जातात, त्यामुळे शेवटची फवारणी केव्हा थांबवायची याचाही हिशेब ठेवावा लागतो. पिठ्या ढेकणासाठी सैल साल काढणे, मुंग्यांचा बंदोबस्त करणे, त्यास खाणारे भुंगेरे सोडणे हे मार्ग आहेतच. आणि फ्रान्सने किडीपायी पत्करलेला अमेरिकन खुंट आपण निराळ्याच कारणासाठी घेतला: डॉगरिज खुंट खारवट जमिनीत आणि कमी पाण्यात टिकाव धरतो. प्रवरेच्या कालव्याखालील चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस याचे मोल वेगळे सांगावयास नको.

जुने बोर्डो मिश्रण मात्र अजून टिकून आहे, कारण तांबे बुरशीवर एकाच नव्हे तर अनेक अंगांनी घाव घालते. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्यास मोरचूद एक किलो आणि चुना एक किलो, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावयाचे. भांडे लोखंडाचे नसावे. तयार मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहतात. पाते तांबूस झाले, तर चुना कमी पडला. कोवळी पाने होरपळतील. मग आणखी चुन्याची निवळी ओततात आणि विळा पुसून पुन्हा बुडवतात.